ठेवायची की बदलायची : एका ॲडव्हेंचर टूरिंग मोटारसायकलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दांपत्याचे आणि त्यांच्या अकरा वर्षे वापरलेल्या ॲडव्हेंचर टूरिंग, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवरच्या लांबच्या प्रवासांसाठी बनवलेल्या मोटारसायकलीचे आहे. ओळख पटू नये म्हणून दोघांची नावे, गाव आणि गाडीचे मॉडेल गाळले आहे; यापुढे त्यांचा उल्लेख ‘चालक’ आणि ‘सहप्रवासी’ असाच केला आहे. मी त्यांच्यासोबत अनेक लांबचे प्रवास केले आहेत आणि गाडी ठेवावी की बदलावी या प्रश्नाने त्यांना घेरले तेव्हा मोजमापे घेणे, नोंदी ठेवणे ही कामे माझ्याकडे आली. त्या नोंदींच्या आधारेच हे लिहीत आहे.

चालक तेव्हा ५२ वर्षांचे होते. गाडी त्यांनी नवी कोरी घेतली होती. दोन सिलिंडरचे, १००० सीसी गटातले इंजिन, पुढे १९ इंची चाक, ट्यूबलेस टायर, चेन ड्राइव्ह आणि भरलेल्या टाकीसह २३८ किलो वजन, अशी तिची मांडणी होती. मीटरवर ९२,००० किलोमीटर झाले होते. पहिली सात वर्षे चालक बहुतेक एकटे फिरत आणि त्यात कच्च्या रस्त्यांचा वाटा बराच असे. नंतरच्या चार वर्षांत सहप्रवासी नियमितपणे मागे बसू लागल्या, सामान वाढले, ॲल्युमिनियमच्या पेट्या आल्या, मागे टॉप बॉक्स बसला. गाडी तीच राहिली, मात्र तिच्याकडून करून घ्यायचे काम पूर्ण बदलले, आणि हा बदल इतका हळूहळू झाला की त्याची दखल कोणीच घेतली नाही.

अडचण

सहा महिन्यांत तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. पहिली विजेची. एका प्रवासात रात्री गाडी सुरूच होईना. बॅटरी बदलली, तीन आठवड्यांनी तेच झाले. मग बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बदलला. दीड महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दोघे भर पावसात चार तास अडकून पडले आणि चालकांचा गाडीवरचा विश्वास उडाला.

दुसरी घटना पडण्याची. चढावरच्या सुट्या खडीत, सहप्रवासी मागे असताना, चालकांनी गाडी वळवून परत फिरवायचा प्रयत्न केला. वेग जवळजवळ शून्य होता. आतल्या बाजूला पाय टेकवायला गेले तर जमीन अपेक्षेपेक्षा खाली होती आणि गाडी त्यांच्यासकट आडवी झाली. सहप्रवासींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण चालकांच्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध ताणला गेला. गाडी त्यांना एकट्याने उचलता येईना आणि मदत येईपर्यंत पाऊण तास ती तशीच पडून राहिली.

तिसरी गोष्ट हळूहळू जाणवत गेलेली. पूर्ण सामानानिशी महामार्गावर वेग वाढला की पुढचे चाक हलके वाटे, हँडल किंचित डुलू लागे आणि मोठ्या ट्रकच्या बाजूने जाताना गाडी सरळ धरायला श्रम पडत. दिवसाअखेर येणारा थकवा चालक वयाच्या खात्यात मांडत होते.

या तिन्हींचा त्यांनी काढलेला निष्कर्ष एकच होता : गाडी म्हातारी झाली, आता ती विकावी. त्यांनी त्याच गटातली एक नवी गाडी वीस मिनिटे चालवून पाहिली आणि ती त्यांना फार आवडली. आगाऊ रक्कम भरण्याच्या बेतात असताना त्यांनी मला विचारले.

पहिला निर्णय : सहा आठवडे थांबणे

मी त्यांना विकू नका असे सांगितले नाही, कारण तसे म्हणण्याइतकी माहिती माझ्याकडे नव्हती. मी एवढेच म्हणालो की तीन तक्रारी तीन वेगळ्या प्रकारच्या आहेत. विजेचा बिघाड हा यंत्राचा दोष आहे आणि नवी गाडी तो नक्की मिटवील. हँडलचे डुलणे यंत्रामुळे असू शकते किंवा भारामुळे, आणि भारामुळे असेल तर नव्या गाडीवरही तो भार चढणारच आहे. पडलेली गाडी उचलता न येणे हा वजनाचा आणि शरीराचा प्रश्न आहे, आणि त्यांनी पाहिलेली नवी गाडी जुनीपेक्षा जेमतेम चार किलोंनी हलकी होती.

नवी म्हणजे हलकी, हा समज या प्रकारच्या गाड्यांबाबत खरा नाही. या वर्गाची सुरुवात जिच्यापासून मानली जाते ती बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० साली आली तेव्हा भरलेल्या टाकीसह ती २०० किलोंच्या आत होती. तिच्याच वंशातली आर १२५० जीएस जवळजवळ २५० किलोंची आहे. ताकद, आराम आणि सुरक्षेची साधने वाढली तसे वजनही वाढले. त्यामुळे वजनाचे दुखणे घेऊन त्याच गटातल्या नव्या गाडीकडे जाणाऱ्याने वजनाचा आकडा आधी पाहावा.

चालकांनी सहा आठवडे मागून घेतले. एरवीही खांद्यामुळे तेवढे दिवस गाडी चालवायची नव्हतीच. या अवधीत तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या तपासायच्या असे ठरले.

तपासणी

वीज आधी घेतली, कारण ती सर्वांत सोपी होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त पैसे वाया गेले होते. गाडी थंड असताना बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे बॅटरी ठीक होती. इंजिन सुरू करून मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मोजले तर १३.९ आले. याच टप्प्यावर आधीच्या दोन्ही मेकॅनिकांनी मल्टिमीटर खाली ठेवला असणार, कारण हा आकडा निरोगी आहे. आम्ही दिवे लावून गाडी अर्धा तास चालवली आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा मोजले. तेव्हा आकडा १३.१ वर आणि थोड्या वेळाने १२.८ वर घसरला. मग स्टेटरकडून, म्हणजे इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या वेटोळ्यांच्या संचाकडून, येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर सोडला. त्याच्या एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते. तिन्ही तारांच्या जोड्याजोड्यांमधला एसी व्होल्टेज थंड स्थितीत सारखा होता. गरम स्थितीत दोन जोड्यांचा स्पष्टपणे कमी झाला. एकच वेटोळे बिघडले तर असेच दिसते, कारण प्रत्येक वेटोळे दोन जोड्यांत मोजले जाते. पुढे एक तार आणि इंजिनचा धातू यांच्यात मोजल्यावर संपर्क दिसला, जो मुळीच असता कामा नये.

इंजिनचे कव्हर काढल्यावर स्टेटर हातात आला. वर्तुळाच्या खालच्या बाजूची, ऑइलमध्ये भिजणारी वेटोळी मधाच्या रंगाची आणि चकचकीत होती. वरच्या बाजूच्या पाच वेटोळ्यांवरचे वॉर्निश काळे पडून नखाने सुटत होते. जुन्या पद्धतीचा शंट रेग्युलेटर जादा वीज शॉर्ट करून परत वळवत असतो, त्यामुळे गरज असो वा नसो, स्टेटर सतत पूर्ण प्रवाह वाहत तापत राहतो. ९२,००० किलोमीटरनंतर वॉर्निश जळणे यात नवल नव्हते. बदलून काढलेला जुना रेग्युलेटर निर्दोष होता, बदलून काढलेली पहिली बॅटरीही बहुधा निर्दोष होती.

भाराची तपासणी साधी होती आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली. गाडीच्या माहितीपुस्तिकेत वाहनावर चढवता येणारा कमाल भार २०० किलो दिला होता. या आकड्यात चालक, सहप्रवासी, सामान आणि नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू धरायची असते, हे चालकांना अकरा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. आम्ही घरातला वजनकाटा काढला. हेल्मेट, बूट, जॅकेटसह चालक ९४ किलो भरले, सहप्रवासी ७३. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांचा सांगाडा १८ किलो. टॉप बॉक्स आणि त्याची पट्टी ७. इंजिनभोवतीचा गार्ड ६. पेट्यांमधले सामान ३१ आणि टँक बॅग ५. बेरीज २३४ झाली. चार वर्षे हे दोघे मर्यादेपेक्षा ३४ किलो जास्त भार घेऊन फिरत होते.

शिवाय त्यातले बरेच वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे टांगलेले होते. असे वजन तरफेसारखे काम करते : मागचे चाक दबते आणि पुढच्या चाकावरचा दाब घटतो. हँडल हलके वाटण्याचे एक कारण इथेच मिळाले.

दुसरे कारण सस्पेन्शनमध्ये होते. मागच्या चाकाच्या आसापासून शेपटीवर चिकटवलेल्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंतचे अंतर आधी चाक हवेत उचलून आणि मग दोघे पूर्ण पोशाखात, सामानासह बसलेले असताना मोजले. एकाने गाडी सरळ धरली, मी टेप धरली. फरक ९२ मिलिमीटर आला. मागच्या चाकाची एकूण हालचाल १९० मिलिमीटर होती. साधारण तिसरा हिस्सा दबणे योग्य मानले जाते; इथे जवळजवळ निम्मी हालचाल नुसत्या बसण्यातच संपत होती. स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, शेवटपर्यंत पिळला तरी ८१ पेक्षा खाली येईना. स्प्रिंग एकट्या चालकासाठी बनवलेली होती आणि शॉकमधले, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीतले, ऑइल अकरा वर्षांत एकदाही बदलले नव्हते. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवले तर बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत होते, म्हणजे स्टिअरिंगचे बेअरिंगही गेले होते.

तिसरी तपासणी चालकांच्या नोंदवहीची. मागच्या तीन वर्षांतल्या २७,४०० किलोमीटरपैकी कच्च्या रस्त्याचे अंतर सुमारे १,१०० किलोमीटर, म्हणजे चार टक्के निघाले. चालक स्वतःला कच्च्या रस्त्याचा प्रवासी मानत होते आणि एके काळी ते तसे होतेही. वहीतला माणूस मात्र डांबरी रस्त्यावर, पत्नीला घेऊन, दिवसाला चारशे किलोमीटर जाणारा होता. ही वही पाहून ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटते, या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण तो होता.

समोरचे पर्याय

आहे तशीच गाडी वापरत राहणे हा पर्याय तपासणीनंतर उरलाच नाही. बाकीचे चार राहिले.

गाडी नीट दुरुस्त करून ठेवणे हा पहिला. स्टेटर, नव्या पद्धतीचा कमी तापणारा सिरीज रेग्युलेटर, स्टिअरिंग बेअरिंग, मागच्या शॉकची फेरबांधणी आणि भारानुसार कडक स्प्रिंग, फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) ऑइल, व्हॉल्व्हची तपासणी, टायर आणि चेन-स्प्रॉकेट, अशी यादी होती. हा सगळा खर्च गाडीच्या तेव्हाच्या विक्रीमूल्याच्या जवळपास ४० टक्के होता आणि हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल की इतक्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला. ही तुलना मला चुकीची वाटते. खर्चाची तुलना गाडी बदलण्यासाठी पदरचे किती घालावे लागतील याच्याशी व्हायला हवी, आणि त्या रकमेच्या तो सहाव्या हिश्शापेक्षाही कमी होता. गाडी वर्षभरात विकायचीच असती तर मात्र विक्रीमूल्याची तुलना योग्य ठरली असती, कारण नवा स्टेटर आणि नवी स्प्रिंग यांचे पैसे विक्रीत परत मिळत नाहीत.

त्याच गटातली नवी गाडी हा दुसरा. तिच्या बाजूने एक मुद्दा फार वजनदार होता आणि तो मी आजही हलका मानत नाही. वळणात गाडी कललेली असताना ब्रेक दाबला तर कलाचा कोन मोजून ब्रेकचा जोर आवरणारी एबीएस (ब्रेक लावताना चाक जखडू न देणारी) यंत्रणा २०१४ च्या मॉडेलपासून केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचरवर आली आणि नंतर मोठ्या टूरिंग गाड्यांवर पसरली. चालकांच्या गाडीवरचे एबीएस त्याआधीच्या पिढीतले, सरळ रेषेत उत्तम आणि वळणात मर्यादित होते. ही यंत्रणा जुन्या गाडीवर बसवून घेता येत नाही.

मध्यम गटातली हलकी गाडी हा तिसरा. यामाहाच्या टेनेरे ७०० सारख्या गाड्या भरलेल्या टाकीसह २०५ किलोंच्या आसपास असतात. तीस-पस्तीस किलोंचा हा फरक पार्किंगमध्ये ढकलतानाही कळतो. मात्र अशा गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची, आसन उंच आणि बहुधा अरुंद असते आणि मागे बसणाऱ्याचा विचार त्यांत दुय्यम असतो.

जुनी गाडी ठेवून सोबत एक लहान गाडी घेणे हा चौथा पर्याय जागेअभावी आणि दोन गाड्यांची देखभाल नको म्हणून लवकरच बाजूला पडला.

दुसरा निर्णय : पूर्ण भारानिशी चालवून पाहणे

वीस मिनिटांची एकट्याने घेतलेली चाचणी या निर्णयाला पुरेशी नाही यावर माझा भर होता. खांदा बरा झाल्यावर मध्यम गटातली एक गाडी दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि ४२० किलोमीटर चालवली. पहिला दिवस चालक एकटे, दुसरा दिवस दोघे आणि नेहमीच्या प्रवासाइतके सामान.

पहिल्या दिवशी चालक खडीच्या रस्त्यावर उभे राहून चालवत गेले आणि परतताना हेल्मेट काढायच्या आधीच ‘हीच घ्यायची’ म्हणाले. ज्या प्रकारच्या वळणावर ते पडले होते तसे वळण त्यांनी सहज घेतले. दुसऱ्या दिवशी समोरून वारा होता. दोन तासांनी सहप्रवासींनी थांबायला सांगितले, उतरल्या आणि काही वेळ पाय ताठ करून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे फार वर येत होते, पाठ टेकायला काही नव्हते आणि वाऱ्यात प्रत्येक झटक्याला त्यांना मांड्यांनी स्वतःला धरून ठेवावे लागत होते.

त्या थांब्यावर त्यांना पहिल्यांदा थेट विचारले गेले की तुम्हाला काय हवे आहे. हे आधी विचारले नव्हते ही आमची, आणि त्यात माझीही, मोठी चूक होती. तपासणी, वजने, पर्यायांची यादी, सगळे झाले होते. जी व्यक्ती निम्म्याहून अधिक किलोमीटर त्या गाडीवर बसून काढणार होती तिच्या मताचा रकाना त्या यादीत नव्हता.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन वर्षांपासून त्यांच्या डाव्या खुब्यात दुखत होते. जुन्या गाडीवर त्या टिकत होत्या त्या टॉप बॉक्सला लावलेल्या पाठीच्या उशीमुळे आणि रुंद आसनामुळे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. खडीवर पडल्यापासून कच्चा रस्ता दिसला की त्यांचे हात घट्ट होत होते आणि त्यांना कोणत्याही गाडीवर, हलकी असो वा जड, अशा रस्त्यावर मागे बसायचेच नव्हते. चालकांचा प्रवास मोडू नये म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

या एका बोलण्याने प्रश्नाचे स्वरूप बदलले. हलकी गाडी ज्या चार टक्क्यांसाठी घ्यायची, त्या चार टक्क्यांत सहप्रवासी नसणार होत्या. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांत त्यांना जुन्याच गाडीचे आसन हवे होते.

केलेली कृती

दुरुस्ती करून गाडी ठेवायचे ठरले. सोबत, ती केव्हा काढून टाकायची हेही तेव्हाच लिहून ठेवले, म्हणजे पुढचा बिघाड झाल्यावर रागाच्या भरात किंवा प्रेमापोटी निर्णय होणार नाही. चार अटी होत्या. पुढच्या १५,००० किलोमीटरमध्ये गाडी विजेच्या कारणाने पुन्हा रस्त्यात बंद पडली तर. इंजिन उघडण्याइतका बिघाड निघाला तर. एबीएसच्या मुख्य भागासारखा ब्रेकचा सुटा भाग मिळेनासा झाला तर. किंवा सहा महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी असताना, चालकांना सामान नसलेली गाडी एकट्याने उचलता आली नाही तर. यातली एकही अट पूर्ण झाली की गाडी विकायची.

कामे सुरक्षेच्या क्रमाने केली : टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग बेअरिंग आधी, मग वीज, मग सस्पेन्शन. मागच्या टायरवरचे चार आकडी चिन्ह वाचले तेव्हा तो सहा वर्षांपूर्वी बनल्याचे कळले. नक्षी शिल्लक असल्यामुळे कोणी तिकडे पाहिले नव्हते. व्हॉल्व्ह तपासताना दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे अंतर कमी भरले, त्यांचे शिम, म्हणजे ते अंतर जुळवणाऱ्या चकत्या, बदलले. चालक याच सुमारास नवा सायलेन्सर आणि जादा दिवेही घ्यायच्या विचारात होते. ते मी आग्रहाने थांबवले, कारण त्यातून एकही तक्रार सुटत नव्हती.

भाराचे काम पैशापेक्षा मनावर अधिक अवलंबून होते. ॲल्युमिनियमच्या पेट्या गेल्या, त्यांच्या जागी सात किलोंच्या मऊ पिशव्या आल्या. टॉप बॉक्स लहान घेतला, पाच किलोंचा, आणि त्यात फक्त पावसाचे कपडे ठेवायचा नियम झाला. पाठीची उशी त्यालाच बसवली. टँक बॅग बंद झाली. सगळे सामान मिळून १४ किलोंवर आणायला तीन वेळा बॅग भरून रिकामी करावी लागली. अंतिम बेरीज १९९ किलो झाली.

उचलण्याचा सराव हिरवळीवर केला. गाडीकडे पाठ करून, आसनाच्या कडेला नितंब टेकवून, एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या सांगाड्यावर ठेवून पायांनी रेटत मागे चालत जायचे, अशी ही रीत आहे. गाडी गिअरमध्ये आणि पलीकडच्या बाजूचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवलेला असावा लागतो. रिकामी गाडी चालकांना उचलता आली, भरलेली आली नाही. म्हणून नियम असा ठरला की सैल जमिनीवर एकट्याने आणि सामानासह जायचे नाही. कच्च्या रस्त्याचे प्रवास मित्रांसोबत, भाड्याच्या हलक्या गाडीवर करायचे.

परिणाम

हे लिहिताना दुरुस्तीला चौदा महिने झाले आहेत आणि गाडी आणखी १३,८०० किलोमीटर चालली आहे. पूर्ण तापलेल्या इंजिनावर बॅटरीला १४.१ व्होल्ट मिळतात. दोघे बसल्यावर मागची बाजू ६२ मिलिमीटर दबते. हँडलचे डुलणे थांबले. ते बेअरिंगमुळे थांबले, टायरमुळे, सस्पेन्शनमुळे की भार उतरल्यामुळे, हे सांगता येणार नाही, कारण सगळे एकाच महिन्यात बदलले. सहप्रवासी आता दर दीड तासाला थांबायला सांगतात आणि सांगताना संकोचत नाहीत. सहा महिन्यांची उचलण्याची चाचणी चालकांनी दिली; गाडी उभी राहिली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पाचव्या महिन्यात फोर्कच्या एका बाजूचे, ऑइल आत अडवणारे सील गळू लागले. ऑइल बदलताना सील नवी घातली होती, पण नळीवर दगडाच्या माऱ्याने पडलेले बारीक खड्डे बोट फिरवून पाहिले नव्हते आणि त्या खड्ड्यांनी नवे सील कापले. ते काम दुसऱ्यांदा करावे लागले आणि एक ठरलेला प्रवास रद्द झाला. भाड्याच्या गाडीवरचे दोनच कच्चे प्रवास झाले. चालकांना याहून अधिक करायचे होते आणि ही रुखरुख त्यांना आहे.

एकदा ओल्या वळणावर समोर गुरे आली तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढचे चाक क्षणभर घसरून परत पकडले गेले. काही झाले नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारले की नव्या एबीएसने ते चाक घसरू दिले असते का. बहुधा नसते, असे मी सांगितले.

वेगळे काय करता आले असते

सहप्रवासींना पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. त्यांचे म्हणणे आधी कळले असते तर पर्यायांची यादी निम्मी झाली असती आणि भाड्याच्या गाडीचा दुसरा दिवस त्यांना सोसावा लागला नसता. दोघांच्या प्रवासात मागे बसणारी व्यक्ती बोलत नसेल तर ती समाधानी आहे असे गृहीत धरण्याची सवय आपल्यात खोलवर आहे. मी स्वतः ती इतकी वर्षे बाळगली.

विजेची मोजणी पहिल्या बिघाडानंतरच इंजिन तापवून करायला हवी होती. एक बॅटरी, एक रेग्युलेटर आणि पावसातले चार तास, एवढे सगळे त्या अर्ध्या तासाने वाचले असते. भार तर कोणत्याही बिघाडाची वाट न पाहता, पेट्या बसवल्या त्याच दिवशी तोलायचा होता.

कलातल्या एबीएसच्या मुद्द्याला आम्ही पुरेसे वजन दिले का, याबाबत माझ्या मनात अजून शंका आहे. खर्च, आराम आणि भार यांचे आकडे आमच्याकडे होते; न झालेल्या अपघाताचा आकडा कोणाकडे नसतो, त्यामुळे तो मुद्दा बैठकीत मागे पडला. आज पुन्हा बसलो तर तो मी चार अटींच्या शेजारी पाचवी अट म्हणून मांडीन : पुढचा मोठा खर्च निघाला की तो किती आहे हे न पाहता आधी या यंत्रणेचा विचार करायचा. आणि कच्च्या रस्त्याचा वाटा चारऐवजी तीस टक्के असता तर, सहप्रवासींचे आसन जमेस धरूनही, मी गाडी बदलायचाच सल्ला दिला असता.

अटींचा तो कागद चालकांनी सर्व्हिसच्या वहीत चिकटवला आहे. १,०७,००० किलोमीटरला पहिली अट संपते. त्या दिवशी तिघांनी पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि या वेळी बोलायला सुरुवात सहप्रवासी करतील.